तीन धोट्यांचा हिशेब

स्मरणिकेच्या मंडळींनी मला फोन करून सांगितलं, "तू जन्मभर मशिनी केल्या, त्यावर लिही. पण भाषण देऊ नको." मी होकार दिला आणि कागद घेऊन बसलो. मशिनींऐवजी आठवला तो दहावीतला इतिहासाचा एक तास. १९७९ सालचा. उन्हाळा लागला होता, खिडक्या उघड्या होत्या आणि पलीकडच्या आळीतून मागांचा खटखटाट वर्गात येत होता.

सर औद्योगिक क्रांती शिकवत होते. फळ्यावर त्यांनी १७३३ हा आकडा काढला, जॉन के या इंग्रज माणसाचं नाव लिहिलं आणि धावत्या धोट्याची आकृती काढली. मग खडू खाली ठेवून म्हणाले, "आपल्या खाप्यातल्या कोष्ट्यांनी हा धोटा वेळेवर आणि मनापासून घेतला असता, तर आज ही अवस्था नसती. नवं यंत्र नाकारलं की धंदा बुडतो." वर्गातल्या निम्म्या मुलांनी माना खाली घातल्या. त्या निम्म्यांत मी होतो. सरांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. ते बाहेरगावचे होते आणि आपल्या आईसाठी लुगडं आमच्याच घरून नेत. त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही. राग आला तो बाबांचा. कारण दोनच वर्षांपूर्वी बाबांनी आमच्या मागावरचा धावत्या धोट्याचा हात्या काढून भिंतीला लावून ठेवला होता आणि ते पुन्हा हाताने धोटा फेकायला लागले होते.

त्या तासाचं उत्तर द्यायला मला बरीच वर्षं लागली. हा लेख म्हणजे तेच उत्तर आहे.

ज्यांच्या घरी माग नव्हता त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आपल्या आळीतून शाळेत जाताना सकाळी ताण्याखालून वाकून जावं लागायचं, ते आठवत असेल. दोन टोकांना खुंट ठोकून गल्लीभर ताणा पसरलेला असायचा, त्याला खळ लावून दोन्ही बाजूंनी माणसं कुंचे फिरवत जायची. याला पांजण म्हणत. पावसाळ्यात पांजण बंद, म्हणजे चूलही अर्धी बंद. घरात मातीच्या जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून विणकर बसलेला, पायाखाली पावड्या, समोर वरून टांगलेली झुलती चौकट. तिच्यात फणी बसवलेली. तो हात्या. धोटा एका हाताने टाकायचा, दुसऱ्याने झेलायचा, हात्या ओढून बाणा ठोकायचा. कांड्या भरायचं काम बायकांचं आणि आम्हा पोरांचं. गृहपाठ झाला नाही याचं आमच्याकडे कायमचं एकच कारण असे, कांड्या. गुरुजींनाही ते पाठ झालं होतं.

आता इतिहास. तो नागपूरपासून सुरू करावा लागतो. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. गाडीने इथला कापूस मुंबईकडे न्यायचा आणि विलायती कापड आणायचं. दहा वर्षांनी, १ जानेवारी १८७७ रोजी, जमशेटजी टाटांची गिरणी नागपुरात सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. गिरणी आली आणि कोष्टी संपले असं आपण सहज बोलतो. झालं ते वेगळंच. संपलं ते हाताचं सूत. गिरणीचं सूत स्वस्त होतं, सारख्या जाडीचं होतं, कमी तुटत होतं. विणकरांनी ते घेतलं. म्हणजे यंत्राने बनवलेली पहिली मोठी गोष्ट खाप्यासारख्या गावांनी नाकारली नाही, ती ताण्यावर चढवली. जाडंभरडं साधं कापड गिरणीकडे गेलं. मागावर उरलं ते गिरणीला न जमणारं, म्हणजे रेशीमकाठी लुगडं, उपरणं, काठाचं धोतर.

एम्प्रेसची एक गोष्ट आम्हा यंत्रवाल्यांत मानाने सांगितली जाते. सुरुवातीची यंत्रं जमशेटजींनी स्वस्तातली घेतली आणि पस्तावले. मग त्यांनी चांगली यंत्रं आणलीच, पण त्यापुढे जाऊन, लँकेशायरचे बहुतेक गिरणीवाले जुन्या म्यूलला चिकटून होते तेव्हा, रिंग पद्धतीची चाती नागपुरात चालवून पाहिली. कारण साधं होतं. इथला कापूस, इथली हवा आणि इथला कामगार लँकेशायरसारखे नव्हते. तिथे जे बरं ते इथे बरं असेलच असं नाही, हे त्यांनी घासाघीस करून नव्हे तर यंत्र लावून ठरवलं. गिरणी पुढे शंभर वर्षांहून जास्त चालली. आपल्यापैकी काहींचे काका-मामा तिथे होते.

धावता धोटा मध्य प्रांतात सरकारच्या उद्योग खात्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत गावोगाव नेला. प्रात्यक्षिकं दाखवणारे लोक फिरत. युक्ती खरोखर सुंदर आहे. हात्याच्या दोन्ही टोकांना एकेक पेटी, मधे धोटा पळायला फळी, आणि मध्यावर लोंबणारी दोरीची मूठ. मूठ झटकली की धोटा या पेटीतून त्या पेटीत. एक हात मोकळा राहतो, कापडाचा पन्हा विणकराच्या हाताच्या लांबीवर अवलंबून राहत नाही आणि साधं कापड दिवसाला जवळपास दुप्पट निघतं. जॉन केच्या मुलाने, रॉबर्टने, १७६० साली त्यात वर-खाली होणाऱ्या पेट्यांची भर घातली, म्हणजे वेगवेगळ्या रंगांचे धोटे बदलता येऊ लागले.

आणि हा धोटा आपल्या आळीत आलाच नव्हता, असं अजिबात नाही. पंचे, साधी धोतरं, चादरी विणणाऱ्यांच्या घरी तो होता. बांबूच्या फणीच्या जागी पोलादी फणी आली, गल्लीतल्या खुंटांच्या जागी काही घरांत ताण्याचा ड्रम आला. डॉबीचं तर विचारूच नका. काठावरची नक्षी आपोआप उठवणारी लाकडी पट्ट्यांची माळ, तिच्यावर खुंट्या ठोकलेल्या. जिथे खुंटी तिथे ताण्याचा धागा वर, जिथे खुंटी नाही तिथे खाली. आपल्या गावच्या सुतारकाकांनी ती सागवानात करून दिली होती. नक्षी बदलायची तर खुंट्या उपटून दुसरीकडे ठोकायच्या. पुढे पॉलिटेक्निकमध्ये आम्हाला यंत्राला क्रमाने हुकूम कसे द्यायचे ते शिकवलं, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे सुतारकाकांची माळच होती.

मग बाबांनी तो एकच हात्या का काढला?

तो आमच्याकडे १९७५ च्या सुमारास सोसायटीमार्फत आला. त्याच काळात सरकारची जनता कापड योजना आली. जाड सुताचं साधं धोतर, साधी साडी, ठरावीक मजुरी, माल उचलण्याची हमी. महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाची स्थापना १९७१ सालीच नागपुरात झाली होती. आळीतल्या बऱ्याच घरांना या कामाने खायला घातलं, हे मी मान्य करतो, आणि ज्यांनी ते केलं त्यांना नावं ठेवत नाही. बाबांनीही दोन वर्षं केलं. मग एके दिवशी हात्या उतरवला आणि नागपूरच्या व्यापाऱ्याकडून पुन्हा रेशीमकाठी लुगड्यांचं काम आणलं. मधूनमधून करवतीही. माय चार दिवस बोलली नाही, कारण त्या कामाला हमी नव्हती. मी चौदा वर्षांचा होतो. विचारलं, तर म्हणाले, "अरे, धोटा पळवाले काय जाते? पण काठापाशी त्याले थांबवशील कसा, ते सांग."

मला ते टाळाटाळीचं उत्तर वाटलं. पुढे सरांचा तास झाला आणि खात्रीच पटली.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लागलो. आम्ही एसपीएम करत होतो. म्हणजे बाजारात तयार मिळत नाहीत अशी, एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच कामासाठी बांधलेली यंत्रं. गिऱ्हाईक एक सुटा भाग टेबलावर ठेवतो आणि म्हणतो, याला इतकी भोकं, इतक्या सेकंदांत. बाकी सगळं तुम्ही ठरवायचं. १९८७ साली मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं. बिडाच्या ओतीव झाकणाला आठ भोकं पाडायची होती. कारखान्यात एक वयस्क ऑपरेटर रेडियल ड्रिलवर एकेक भोक पाडत होता. एका झाकणाला सहा मिनिटं. मी आठ स्पिंडलचं हेड काढलं, आठही भोकं एका दमात, हायड्रॉलिकने पकड. उचलणं-ठेवणं धरून दीड मिनिट. आमच्या मालकांनी पेढे वाटले.

तीन आठवड्यांत यंत्र बंद. रोज ड्रिल तुटत होते आणि भोकं वाकडी जात होती. तिथल्या मॅनेजरचं म्हणणं, कामगारांना नवं नकोच असतं, मुद्दाम मोडतात. मला सरांचं वाक्य आठवलं, आणि क्षणभर मलाही तसंच वाटलं. पण मालकांनी मला दोन पाळ्या त्या ऑपरेटरशेजारी स्टूल टाकून बसायला लावलं. तिथे दिसलं ते असं. ओतीव झाकणं सारखी येतच नव्हती. कुठे मिलिमीटर, कुठे दीड मिलिमीटर फुगवटा. म्हातारा झाकण टेबलावर ठेवून तळहाताने डुगडुगवून बघायचा आणि डुगडुगलं की खाली पत्र्याचा तुकडा सरकवायचा. हे काम कुठल्याही कागदावर नव्हतं. मी झाकण चार पक्क्या टेकूंवर बसवलं होतं आणि वरून जोराने दाबत होतो. चार पायांचा पाट उंचसखल जमिनीवर डुगडुगणारच, तिवई डुगडुगत नाही, ही गोष्ट पोरालाही कळते. डिप्लोमावाल्याला कळली नव्हती. ते म्हणाले, "साहेब, मशीन चांगली हाय, पण तिले माल दिसत नाही." मग मी तीन टेकू पक्के ठेवले, चौथा स्प्रिंगवर केला. तो आधी झाकणाला लागेल आणि मग जागीच घट्ट होईल असा. यंत्र चाललं, पुढे कित्येक वर्षं चाललं.

त्या रविवारी मी खाप्याला आलो तो घड्याळ घेऊनच. कारखान्यात आम्ही कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेळ मोजत असू. बाबांच्या मागाशेजारी बसून मी तेच केलं. बाबांना वाटलं पोरगं खुळावलं.

रेशीमकाठी लुगड्यात धोटे तीन असतात. मधल्या अंगाचा एक, सुताचा. डाव्या काठाचा एक आणि उजव्या काठाचा एक, रेशमाचे. कारण अंगाचा बाणा काठातून आरपार गेला तर काठाच्या रंगात अंगाचा रंग मिसळतो. लाल काठ मळकट दिसतो. पक्का काठ हवा तर अंगाचा धागा काठाच्या शिवेपर्यंत न्यायचा, तिथे काठाच्या रेशमाला वेढा घालायचा आणि तिथूनच मागे वळवायचा. दोन्ही बाजूंना, प्रत्येक ओळीत. करवती काठाचा दात पाडायचा असेल तर ही शीव दर काही धाग्यांनी आत-बाहेर सरकवायची. कांचीपुरमला अशाच पक्क्या काठाच्या साडीसाठी एका मागावर दोन माणसं बसत आली आहेत. आमच्याकडे ते दुसरं माणूस म्हणजे सुट्टीच्या दिवशी मी.

माझ्या वहीतले आकडे अजून आहेत. एका ओळीला सरासरी ११ सेकंद. त्यांपैकी अंगाचा धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला २ सेकंद. हात्या ओढून ठोकायला आणि पावडी बदलायला २ सेकंद. उरलेले ७ सेकंद दोन शिवांवर, वेढे घालण्यात. इंचाला ४५ ओळी धरल्या तर नऊवार लुगड्यात साडेचौदा हजारांवर ओळी होतात. म्हणजे नुसतं विणणं साडेचव्वेचाळीस तासांचं. आता यात धावता धोटा बसवा. तो वाचवणार कुठे? त्या २ सेकंदांत. समजा त्यातला दीड सेकंद वाचला. पण धोटा झटक्यासरशी शिवेवरून पार पेटीत जाऊन आदळतो, त्याला काठापाशी थांबवायचं कसं? थांबवला तर परत हातानेच घ्यायचा. शिवाय मूठ धरलेला हात वेढ्यासाठी दर वेळी सोडायचा. वाचलेला दीड सेकंद त्यातच गेला.

बाबांनी घड्याळ न लावता दोन वर्षांत हाच हिशेब केला होता. चौदा वर्षांच्या मुलाला त्यांनी तो एका वाक्यात सांगितलाही होता.

सर, तुमचं वाक्य अर्धं बरोबर होतं. नवं यंत्र घेतलं नाही, हे खरं. पण ते यंत्र साध्या कापडासाठी झालं होतं. लँकेशायरमध्ये, ज्या कापडाला काठच नव्हता त्यासाठी. खात्याचे लोक तोच तयार हात्या सगळीकडे घेऊन गेले, आणि साध्या कापडाच्या घरांत तो रुजलाही. काठाच्या घरांत अडलेलं काम होतं ते शिवेवरचे ७ सेकंद. त्यावर यंत्र शोधायला आमच्याकडे कोणी स्टूल टाकून बसलं नाही.

महाराष्ट्रात असं बसणारी माणसं झालीच नाहीत असं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी त्याच्या वाटेला जाईनात. लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी म्हणून गप्प बसणं सोयीचं होतं. ते नांगर सुधारत राहिले. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तो नांगर महाराष्ट्रभर गेला.

त्याहून आपल्या विषयाला जवळची गोष्ट चरख्याची आहे. १९२९ साली गांधीजींच्या चरखा संघाने जाहिरात दिली. सुधारलेला चरखा करून देणाऱ्याला एक लाख रुपये. त्या काळचे एक लाख! मी त्या अटी वाचल्या तेव्हा थक्क झालो, कारण आमच्या धंद्यात गिऱ्हाईक इतकं नेमकं कधी बोलत नाही. चरखा हलका हवा, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालला पाहिजे. बाईला फार न थकता सलग आठ तास चालवता यावा. आठ तासांत १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघालं पाहिजे. किंमत १५० रुपयांच्या आत, बनावट देशी, आणि नीट देखभाल केली तर २० वर्षं टिकला पाहिजे. किर्लोस्करवाडीतही या स्पर्धेसाठी चरखा तयार झाला होता. अटींना पुरा उतरणारा एकही निघाला नाही, बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर एकांबरनाथन या तमिळ माणसाच्या नावाचा अंबर चरखा आला. त्यात सूत पिळायला काय आहे, तर रिंग. जमशेटजींनी नागपुरात लावून पाहिली त्याच जातीची, चार-सहा चात्यांची छोटी आवृत्ती. वर्ध्याला मगन संग्रहालय आहे, १९३८ साली खुद्द गांधीजींनी उघडलेलं. तिथले चरखे मी दोनदा जाऊन पाहिले. दुसऱ्यांदा बाबांना घेऊन गेलो. ते एका चरख्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सूत काढाची एवढी काळजी. विणाची कोणाले पडली नाही काय?" हे काही अगदी न्यायाचं बोलणं नव्हतं. मी वाद घातला नाही.

आता जे सांगायचं राहिलं ते.

१९९४ साली मी बाबांच्या मागासाठी एक हात्या केला. अंगाच्या धोट्यासाठी पेट्या शिवेच्या आत आणल्या, म्हणजे तो काठापर्यंतच जाईल. दोन्ही काठांवर छोटे धोटे पितळी सरकत्या घरट्यांत बसवले, आणि एका जादा पावडीने ती घरटी पुढे-मागे व्हायची. कारखान्यात संध्याकाळी थांबून मी आणि तिथल्या फिटरने ते केलं. चाचणीत ओळ साडेसहा सेकंदांवर आली. मला वाटलं, जिंकलं. बाबांनी तो चार दिवस चालवला. पाचव्या दिवशी निरोप आला, ये. गेलो तर जुना हात्या पुन्हा मागावर. माझा हात्या साडेतीन किलोने जड झाला होता. साडेचौदा हजार वेळा ओढायचा, आणि ओढणारा साठीच्या पुढचा. शिवाय शे-सव्वाशे ओळींनंतर रेशीम घरट्याच्या कडेला अडकून तुटायचं. बाबा म्हणाले, "जमते रे. पण खांदा नाही राहत. थोडा हलका कर, अन् ती कड गोल कर."

दोन दुरुस्त्या होत्या, दोन्ही नेमक्या. पितळेऐवजी फायबर, लोखंडी पट्टीऐवजी सागवान. सुतारकाका तेव्हा होते, त्यांनी केलं असतं. घरट्याची कड घासून घ्यायला एक तास पुरे. पण त्याच महिन्यात पुण्याची मोठी ऑर्डर आली आणि मी तिकडे गेलो. मग दुसरी, मग तिसरी. माझ्या हातून साठ-सत्तर यंत्रं झाली. त्यांतलं एकही पहिल्या फेरीत चाललेलं नाही. दुसरी फेरी, तिसरी फेरी, कधी पाचवी, गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन केली. कारण करारात तसं लिहिलेलं असे. बाबांशी करार नव्हता.

त्या हात्याची दुसरी फेरी झाली असती तर आळी वाचली असती, असं मी म्हणत नाही. नऊवार नेसणाऱ्या बायका कमी होत गेल्या, घराघरांत गिरणीच्या छापील आणि नायलॉनच्या साड्या आल्या. हातमागासाठी काही प्रकारचं कापड राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला, तो कोर्टकचेरीत अडकून १९९३ पर्यंत लागूच झाला नाही, आणि तोवर यंत्रमागांनी काठाच्या नकला बाजारात ओतल्या. नव्वदच्या दशकात जनता कापडाची योजनाही गुंडाळली गेली. ज्यांनी वीस वर्षं फक्त साधं कापड विणलं, त्यांच्या मुलांना वेढा घालताच येत नव्हता. त्यातले काही गुमगावच्या मँगनीजच्या खाणीत गेले, काही आपल्याच वर्गातले नागपूरला रखवालदार झाले. हे सगळं एका हात्याने थांबलं नसतं. पण बाबांच्या खांद्याला आणखी काही वर्षं मिळाली असती.

बाबा २००४ साली गेले. शेवटची तीन वर्षं माग बंदच होता. करवती साडीला आता भौगोलिक मानांकन आहे, शहरात ती प्रदर्शनात चांगल्या किमतीला जाते, आणि ती विणणारे हात भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे अजून आहेत. दोन वर्षांपूर्वी मी तिकडच्या एका विणकराला माझी आकृती दाखवली. त्याने ती उलटी-सुलटी करून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "वजन किती?"

त्यामुळे निवृत्तीनंतर मी ते काम पुन्हा हातात घेतलं आहे. या वेळी आधी वजनकाटा आणला आणि मग पेन्सिल घेतली. सध्या जादा वजन १,१०० ग्रॅमवर आहे. ते ८०० च्या खाली आलं की मोहाडीला घेऊन जाईन आणि शेजारी स्टूल टाकून बसेन.

मेळाव्याला येताना १९९४ चा हात्या सोबत आणतो आहे, बाबांनी काढून ठेवलेला सोसायटीचा हात्याही. मुख्याध्यापकांनी प्रयोगशाळेच्या बाहेरची भिंत द्यायचं कबूल केलं आहे. कोणाच्या माळ्यावर सुतारकाकांच्या डॉबीच्या पट्ट्या पडल्या असतील तर कृपा करून सरपणात घालू नका. मला बारा मिळाल्या आहेत, माळ चोवीसची होती. खुंट्या ठोकलेल्या असतील तर तशाच राहू द्या, उपटू नका. कोणत्या भोकात खुंटी आहे त्यावरूनच नक्षी कळते. बांबूची फणी, रेशमाचा छोटा धोटा, पांजणीचा कुंचा, जे असेल ते आणा आणि चिठ्ठीवर घराचं नाव लिहून चिकटवा. घर पक्कं आठवत नसेल तर आळीचं लिहा.

(१९७९ च्या दहावीच्या तुकडीतला एक विद्यार्थी)